सहा पानांचं पत्रक आणि ३१३ दिवसांचा खटला

आपल्यावर टीका करणाऱ्या एका पत्रकाबद्दल मॅकडॉनल्ड्सने लंडनमधल्या दोघांवर लावलेला खटला सुरू होऊन साधारण वर्ष झालं होतं. कंपनीचे बडे अधिकारी अमेरिकेहून लंडनला आले आणि प्रतिवादींशी समेटाची बोलणी सुरू झाली. प्रस्ताव असा : कंपनी दावा मागे घेईल, दोन्ही बाजूंना चालेल अशा एखाद्या संस्थेला देणगीही देईल. बदल्यात या दोघांनी कंपनीवर जाहीर टीका करायची नाही. मित्रमंडळीत, खाजगीत काय बोलायचं ते बोलावं.

प्रतिवादी म्हणाले, मान्य आहे, पण मग कंपनीनेही जगभरातल्या जाहिराती बंद कराव्यात आणि आपल्या बर्गरची शिफारस फक्त मित्रमंडळीत, खाजगीत करावी.

बोलणी तिथेच फिसकटली. पुढे दीड वर्ष खटला चालला आणि इंग्लंडच्या इतिहासातला सर्वांत लांबलेला खटला ठरला. ‘मॅकलायबल’ या नावाने तो ओळखला जातो. लायबल म्हणजे छापील मजकुरातून झालेली अब्रुनुकसानी. बड्या फास्ट फूड साखळ्यांच्या नैतिकतेवर मतं द्यायला कुणालाच पैसे पडत नाहीत. इथे मात्र एकेका आरोपावर साक्षीपुरावे झाले, उलटतपासण्या झाल्या, आणि एका न्यायाधीशाने तो टिकतो की नाही हे लिहून ठेवलं. म्हणून वर्गात मी हेच प्रकरण घेतो.

पत्रक

लंडनमध्ये ‘लंडन ग्रीनपीस’ नावाचा छोटा गट होता. नावात साम्य असलं तरी आंतरराष्ट्रीय ग्रीनपीसशी त्याचा संबंध नव्हता. १९८६ मध्ये या गटाने सहा पानांचं पत्रक काढलं : मॅकडॉनल्ड्समध्ये गैर काय आहे, आणि तुम्हाला कळू नये असं त्यांना काय काय वाटतं. पानांच्या माथ्यावर कंपनीच्या नावाची यथेच्छ मोडतोड केलेली. आत आरोपांची सरबत्ती. वर्षावनं तोडली जातात, गरीब देशांतल्या उपासमारीला हातभार लागतो, खाणं आरोग्याला घातक आहे, जाहिराती मुलांना वेठीला धरतात, जनावरांचे हाल होतात, कामगारांना तुटपुंजा पगार मिळतो.

खरं सांगायचं तर पत्रक फारसं नेटकं लिहिलेलं नव्हतं. रागाने लिहिलेल्या मजकुरात होतं तसंच इथे झालं होतं. पक्क्या गोष्टी आणि ताणलेल्या गोष्टी एकाच आवाजात सांगितल्या होत्या. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

सप्टेंबर १९९० मध्ये कंपनीने पाच जणांना नोटिसा बजावल्या. माफी मागा, नाहीतर कोर्टात या. तिघांनी माफी मागितली. त्यांना दोष देता येत नाही, कारण त्याआधी मोठमोठ्या वृत्तपत्रांनी आणि प्रसारकांनीही याच कंपनीच्या वकिलांपुढे नमतं घेतलं होतं. उरले दोघे. हेलन स्टील बारमध्ये अर्धवेळ काम करायची. डेव्ह मॉरिस पूर्वी पोस्टमन होता, आता बेकार, आणि एका लहान मुलाला एकटा सांभाळत होता.

पुरावा कुणी द्यायचा

इथे जरा थांबायला हवं, कारण प्रकरणाची सगळी मेख या मुद्द्यात आहे. इंग्लंडच्या अब्रुनुकसानीच्या कायद्यात आरोप खोटा आहे हे कंपनीला सिद्ध करावं लागत नव्हतं. तो खरा आहे हे बोलणाऱ्याने सिद्ध करायचं, तेही कोर्टात चालेल अशा पुराव्याने. आहारशास्त्रातला आरोप असेल तर तज्ज्ञ आणा. ब्राझीलमधल्या जंगलाविषयी असेल तर तिथला साक्षीदार आणा, त्याचा विमानप्रवास आणि मुक्काम तुमच्या खिशातून.

अब्रुनुकसानीच्या दाव्यात सरकारी विधी साहाय्य मिळत नव्हतं. त्यामुळे स्टील आणि मॉरिस यांनी आपला खटला स्वतःच चालवला. पलीकडे रिचर्ड रॅम्प्टन हे या कायद्यातले नावाजलेले ज्येष्ठ वकील आणि त्यांच्या मागे वकिलांची फौज. अलीकडे दोन सामान्य माणसं आणि लोकवर्गणी. पडद्याआडून एक तरुण बॅरिस्टर विनामोबदला सल्ला देत होता. त्याचं नाव कीर स्टार्मर. तो २०२४ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान झाला.

ज्युरीचाही, म्हणजे निवाडा देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाचाही, प्रश्न होता. अशा दाव्यात तेव्हा ज्युरी मागता येत असे. पण आहार आणि रोग यांचा संबंध हा शास्त्रीय विषय सामान्य माणसांना झेपणार नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. कोर्टाने ते मानलं आणि न्यायमूर्ती रॉजर बेल यांनी एकट्याने खटला ऐकावा असं ठरलं. आता गंमत पाहा. तेच खाणं सामान्य माणसाला रोज विकायचं, त्याने काय खावं हे जाहिरातीतून सांगायचं, तेव्हा त्याच्या समजुतीवर पूर्ण भरवसा. निवाड्याची वेळ आली की त्याला अक्कल नाही.

२८ जून १९९४ ला सुनावणी सुरू झाली, १३ डिसेंबर १९९६ ला संपली. ३१३ दिवस कामकाज. सुमारे १३० साक्षीदार. सुमारे ४०,००० पानांची कागदपत्रं, आणि कोर्टात बोललेल्या शब्दांची जवळपास २०,००० पानं. कामकाजाच्या या रोजच्या नकला कंपनी सुरुवातीला प्रतिवादींना देत होती. त्या पत्रकारांना दाखवणार नाही असं लिहून द्यायला दोघांनी नकार दिला, तेव्हा मधेच पुरवठा बंद झाला. काल साक्षीदार नेमकं काय म्हणाला हे हातात नसताना आज उलटतपासणी घेऊन बघावी म्हणजे कळतं.

साक्षी

तरीही साक्षी रंगल्या. स्टील आणि मॉरिस वकील नव्हते, म्हणून त्यांना वकिली सावधपणा नव्हता. मनात येईल तो साधा प्रश्न ते थेट विचारायचे. पौष्टिक म्हणजे काय? कोकाकोला पौष्टिक आहे का? कंपनीच्या विपणन विभागाच्या वरिष्ठ उपाध्यक्षाने उत्तर दिलं, की त्यातून पाणी मिळतं आणि पाणी हा समतोल आहाराचा भाग आहे. खरेदी विभागाच्या मुख्याधिकाऱ्याला कचऱ्याविषयी विचारलं. त्याचं म्हणणं पडलं, की कचरा पुरण्यात फायदाच आहे, नाहीतर देशभर खडी काढलेले रिकामे खड्डे तसेच राहतील.

ही उत्तरं वाचून हसू येतं, पण हा माणसाच्या मूर्खपणाचा भाग नाही. कंपनीत वीस-वीस वर्षं काढलेल्या माणसाला तिचा शब्दकोश अंगवळणी पडतो. ‘पौष्टिक’ म्हणजे ज्यात कुठलंतरी पोषणद्रव्य आहे ते. या व्याख्येने रसवंतीवरचा बर्फसुद्धा पौष्टिक ठरेल. आरोग्याविषयीचे दावे करणाऱ्या जाहिराती याच शब्दकोशातून निघाल्या होत्या. जाहिरातींनी पोषणाचा जो आव आणला होता तो प्रत्यक्षातल्या खाण्याशी जुळत नाही, असं पुढे न्यायाधीशांनीही म्हटलं.

मुलांविषयीची साक्ष मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. रंगवलेल्या तोंडाचा विदूषक, जेवणाबरोबर खेळणं, टीव्हीवरच्या जाहिराती. यात बेकायदा काही नव्हतं. प्रश्न नैतिकतेचा होता. विकायचं आईबापांना, पण बोलायचं मुलाशी. मुलाकडे पैसे नसतात, त्याच्याकडे असतो हट्ट. त्या हट्टाला दुकानापर्यंत पोचायची वाट करून द्यायची. कुठल्याही आईला हे यंत्र समजावून सांगावं लागत नाही. तिने ते रविवारी संध्याकाळी भर बाजारात अनुभवलेलं असतं.

निकाल

१९ जून १९९७. निकालपत्र साडेसातशे पानांहून मोठं, नुसता सारांश वाचायला न्यायमूर्तींना दोन तास लागले. हे प्रकरण मी विद्यार्थ्यांपुढे ठेवतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सर, जिंकलं कोण?

कागदावर कंपनी. वर्षावनांचा नाश, उपासमार, ग्राहकांना कर्करोग आणि हृदयविकार होतो हे माहीत असून लपवणं, हे आरोप सिद्ध झाले नाहीत. पत्रकाने बदनामी झाली असं ठरलं आणि दोघांवर मिळून ६०,००० पौंडांची भरपाई बसली. पत्रकातला सैलपणा इथे नडला. जंगलांचा मुद्दा घ्या. मांसासाठी जंगल तुटतं हे ढोबळमानाने खरं असलं, तरी या कंपनीच्या या बर्गरसाठी ते तुटलं हे दाखवणं वेगळं. कोर्ट दुसरी गोष्ट मागतं. चळवळीतल्या माणसाला हा फरक किरकोळ वाटतो, आणि पुष्कळदा तिथेच तो अडकतो.

पण त्याच निकालपत्रात दुसरी बाजूही आहे. कंपनी जाहिरातींच्या प्रभावाला सहज बळी पडणाऱ्या मुलांचा वापर करून आईबापांवर दबाव आणते, म्हणजे मुलांचं शोषण करते : सिद्ध. तिच्यासाठी पाळल्या आणि कापल्या जाणाऱ्या काही जनावरांबाबतच्या क्रूर पद्धतींना ती दोषास्पदरीत्या जबाबदार आहे : सिद्ध. यात हालचालीलाही जागा नसलेल्या कोंबड्या होत्या, आणि पूर्ण शुद्धीवर असताना ज्यांचा गळा चिरला जातो अशाही होत्या. ब्रिटनमध्ये ती कामगारांना कमी पगार देते आणि त्यामुळे खानपान व्यवसायातले एकूणच पगार खाली राहायला मदत होते : सिद्ध. कामगार संघटनेविषयी कंपनीला तीव्र नावड आहे हेही न्यायाधीशांनी नोंदवलं. मात्र संघटना करणाऱ्यांना हुडकून काढून टाकण्याचं धोरण होतं, हे त्यांनी मानलं नाही.

जनावरांच्या मुद्द्यावर कंपनीचा बचाव लक्षात ठेवण्यासारखा आहे. कोंबड्या आम्ही पाळत नाही, कापतही नाही, ते पुरवठादार करतात. साखळी पद्धतीच्या धंद्याची ही जुनी सोय आहे. माल आमचा, नाव आमचं, नफा आमचा. हाल मात्र तिसऱ्याच्या आवारात. न्यायाधीशांनी ही पळवाट बंद केली. पुरवठादाराचं एवढं मोठं गिऱ्हाईक असलेली कंपनी त्याने काय करावं हे ठरवू शकते, आणि ठरवू शकते म्हणून जबाबदारही असते. माझ्या मते या निकालपत्रातला सर्वांत टिकाऊ भाग हाच.

दोघांनी अपील केलं. ३१ मार्च १९९९ ला अपील न्यायालयाने भरपाई ४०,००० पौंडांवर आणली आणि आणखी दोन गोष्टी प्रतिवादींच्या पदरात टाकल्या. जगभरात कंपनीच्या कामगारांचे पगार आणि कामाची परिस्थिती वाईट आहे, हे मत प्रामाणिक टीका म्हणून योग्य ठरलं. आणि हे खाणं पुरेशा प्रमाणात खाल्लं तर आहारात चरबी वगैरे वाढून हृदयविकाराचा खराखुरा धोका संभवतो, हे म्हणणंही टिकलं.

भरपाई दोघांनी कधीच दिली नाही आणि कंपनीने कधी वसूल केली नाही. कंपनीचा खर्च एक कोटी पौंडांच्या घरात गेला असा अंदाज दिला जातो. दरम्यान १९९६ मध्ये खटल्याची कागदपत्रं एका संकेतस्थळावर आली आणि जगभर वाचली गेली. जे पत्रक लंडनच्या काही चौकांत वाटलं गेलं असतं आणि पावसात भिजून गेलं असतं, त्याच्या लाखो प्रती निघाल्या. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण आपण सहसा गरिबाला ऐकवतो. इथे ती कुणीतरी कंपनीच्या शिकागोजवळच्या मुख्यालयाला कळवायला हवी होती.

खबरे

आता या प्रकरणाचा विचित्र भाग. पत्रक याच लोकांनी वाटलं हे सिद्ध करायला कंपनीला साक्षीदार हवे होते. त्यासाठी तिने दोन खाजगी गुप्तहेर संस्थांची माणसं लंडन ग्रीनपीसच्या बैठकांमध्ये पेरली. गट एवढासा, की काही बैठकांत कार्यकर्ते जितके तितकेच खबरे. विश्वास मिळवायचा म्हणून या खबऱ्यांनी स्वतःही पत्रकं वाटली. म्हणजे आपली बदनामी करणारा कागद कंपनी पगार देऊन वाटून घेत होती. त्यातली एक बाई पुढे उलटली आणि प्रतिवादींच्या बाजूने साक्षीला उभी राहिली.

कंपनीचा सुरक्षाप्रमुख माजी पोलीस अधिकारी होता आणि पोलिसांकडून माहिती मिळत असल्याचं कोर्टातच समोर आलं. स्टील आणि मॉरिस यांनी पोलिसांवर दावा केला. २००० मध्ये लंडन पोलिसांनी माफी मागून आणि १०,००० पौंड देऊन तो मिटवला.

पण त्याहून मोठा धक्का एक दशकाने बसला. ज्या पत्रकावरून हे रामायण घडलं, त्याच्या लेखनात खोट्या नावाने गटात घुसलेला एक पोलीस अधिकारी, बॉब लॅम्बर्ट, सहभागी होता असं उघड झालं. आणि नोटीस आली तेव्हा हेलन स्टील ज्याच्याबरोबर राहत होती, ज्याच्याशी बचावाची आखणी बोलत होती, तो जोडीदारही छुपा पोलीस होता. त्याचं खरं नाव जॉन डाइन्स. १९९२ मध्ये तो एक चिठ्ठी ठेवून नाहीसा झाला. तो कोण होता हे तिने पुढे वर्षानुवर्षं जुन्या नोंदी धुंडाळून स्वतः शोधून काढलं. २०१५ मध्ये लंडन पोलिसांनी तिच्यासह सात स्त्रियांची जाहीर माफी मागितली, आणि त्याच वर्षी छुप्या पोलीस कारवायांच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला.

याला कंपनीचं पाप म्हणता येणार नाही. हे पोलीस सरकारने पाठवले होते. पण बर्गरविषयी पत्रकं वाटणाऱ्या मूठभर माणसांवर सरकार आणि कंपनी दोघांनीही माणसं सोडावीत, ही गोष्ट हिशेबात धरल्याशिवाय ‘दोन पक्षांतला दिवाणी दावा’ असं तिचं वर्णन करू नये.

स्ट्रासबर्ग

स्टील आणि मॉरिस तिथेही थांबले नाहीत. ब्रिटिश सरकारविरुद्ध ते स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. १५ फेब्रुवारी २००५ ला निकाल लागला. विधी साहाय्य नाकारल्यामुळे सुनावणी न्याय्य झाली नाही, आणि अभिव्यक्तीच्या हक्काचाही भंग झाला. दोघांना मिळून ३५,००० युरो आणि खर्च देण्याचा आदेश सरकारला झाला. कंपनीला अब्रूचा दावा लावता येऊ नये, असं मात्र न्यायालयाने म्हटलं नाही. पुराव्याचा भार बोलणाऱ्यावर टाकणंही त्याला मूलतः चुकीचं वाटलं नाही. मुद्दा एवढाच : असा कायदा ठेवायचा असेल तर लढणाऱ्याच्या हातात निदान काठी तरी द्या. पुढे २०१३ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीवर गंभीर आर्थिक नुकसान दाखवण्याची अट आली.

इकडे

लंडनमध्ये शेवटचे युक्तिवाद चालू होते त्याच ऑक्टोबर १९९६ मध्ये दिल्लीत वसंत विहारला मॅकडॉनल्ड्सचं भारतातलं पहिलं दुकान उघडलं, आणि पाठोपाठ वांद्र्याचं. गोमांस नाही, डुकराचं मांस नाही, शाकाहारी पदार्थांचं स्वयंपाकघर वेगळं. कंपनीला हवं तेव्हा पुरवठ्याची साखळी मुळापासून बदलता येते याचा याहून चांगला पुरावा शोधून सापडणार नाही. पुरवठादार आमच्या हातात नाहीत या बचावाच्या शेजारी हे ठेवून पाहावं.

२००१ मध्ये अमेरिकेत वेगळंच निघालं. १९९० मध्ये कंपनीने तिथे फ्राइज वनस्पती तेलात तळायला सुरुवात केल्याचा गाजावाजा केला होता, पण चवीसाठी गोमांसाचा अर्क त्यात राहिलाच होता. घटकांच्या यादीत तो ‘नैसर्गिक स्वाद’ या शब्दांत दडला होता. हिंदू आणि शाकाहारी ग्राहक कोर्टात गेले, कंपनीने माफी मागितली आणि एक कोटी डॉलरवर तडजोड झाली. भारतातल्या फ्राइजमध्ये तो अर्क नसल्याचं कंपनीने सांगितलं, तरी ठाण्यातल्या दुकानाची तोडफोड झालीच. तिकडे कागद मागून, वकील लावून जे निघालं, ते इकडे काच फोडून निघणार नव्हतं. आपल्याकडे राग लवकर जमतो, पुरावा जमवायला कुणी बसत नाही.

कायद्याच्या बाबतीत आपली स्थिती अर्धवट आहे. सरकारी संस्थेला टीकेबद्दल अब्रुनुकसानीची भरपाई मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल प्रकरणात इंग्लंडच्याच एका निकालाच्या आधाराने सांगितलं. कंपन्यांना मात्र अशी मनाई नाही, आणि फौजदारी अब्रुनुकसानी २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने कायम ठेवली. ओडिशातल्या धामरा बंदरावरून टाटा सन्सने ग्रीनपीसच्या एका संगणकीय खेळाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात मनाई मागितली होती, ती २०११ मध्ये नाकारली गेली. हा दिलासा आहे, पण तिथेही प्रतिवादी आंतरराष्ट्रीय संस्था होती.

म्हणून ‘जिंकलं कोण’ असं विचारणाऱ्या विद्यार्थ्याला मी उलटा प्रश्न देतो. समज, तू कोल्हापुरात अर्धवेळ नोकरी करतोस. एका बड्या साखळीच्या दुकानाबाहेर तू चार ओळींचं पत्रक वाटलंस. त्यातल्या तीन ओळी खऱ्या आहेत आणि चौथी ऐकीव. उद्या वकिलाची नोटीस आली, माफी मागायला पंधरा दिवसांची मुदत. काय करशील? वर्गात बहुतेक हात माफीच्या बाजूने वर होतात. मग मी विचारतो, खऱ्या तीन ओळींबद्दलही?